सव्वा तास

मंजूषाने डोक्याला बांधलेलं कापड तिसऱ्यांदा सोडलं आणि मांडीवर घेऊन ती त्याची घडी घालायला लागली.

“घट्ट होतंय का?” एफुआने विचारलं.

मंजूषाने दोन्ही कानशिलांवर बोटं टेकवून दाखवलं. कानशिलांना इंग्रजीत काय म्हणतात ते तिला आठवत नव्हतं, आणि सकाळपासून इतक्या गोष्टी इंग्रजीत समजावून झाल्या होत्या की आणखी एक शब्द शोधायची तिची तयारी नव्हती.

एफुआने ते पिवळ्या-हिरव्या चौकटींचं, घानाच्या केंटे विणीचं कापड तिच्या हातातून घेतलं, झटकलं आणि सरळ तिच्या खांद्यावर, पैठणीच्या पदरावरून, उपरण्यासारखं टाकलं. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

“आज आईने कसंही केलं तरी चालतं,” ती म्हणाली.

मंजूषाला ते खरं वाटलं नाही. गेल्या आठ महिन्यांत तिच्या मनासारखं काही म्हणजे काही झालं नव्हतं. फेब्रुवारीत ती तीन महिन्यांसाठी म्हणून मुलीकडे नेदरलँड्सला आली. महिनाभरात विमानं बंद झाली, मग व्हिसा वाढवून घ्यावा लागला. फोरबर्गच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत संहिता दिवसभर ऑफिसच्या कॉलवर, आणि दुसऱ्या खोलीत आपण भांड्याला भांडं न लागू देता भाजी चिरत बसायचं, असे दिवस गेले. चिंचवडच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवताना तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचा. इथे ती कुजबुजायला शिकली. पुण्यात नवरा, दिनकर, एकटे, आणि फोनवर रोज एकच प्रश्न: हिंग कुठे ठेवलाय, पोह्यांना पाणी किती घालायचं.

संहिताचं लग्न खरं तर डिसेंबरात पुण्यात व्हायचं होतं. कार्यालय ठरलं होतं, गुरुजी ठरले होते. ते सगळं करोनाने बुडवलं. परतीची विमानं सुरू होईपर्यंत संहिता आणि एबोने इथली तारीख पक्की करून टाकली. अजून वर्षभर वाट पाहून तरी काय होणार आहे, असं त्यांचं म्हणणं. एबोचे आईवडील तीस वर्षांपूर्वी घानातून आलेले, पण तो जन्मला आणि वाढला द हेगमध्येच. फिजिओथेरपिस्ट होता, सायकलवरून कामाला जायचा, मंजूषाला ‘आई, चहा?’ असं विचारण्याइतकं मराठी शिकला होता. त्याच्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती, आणि तक्रार करायला जागा नसणं हेही तिला मधूनमधून खटकायचं.

खटकलं ते दुसरंच. गुरुवारी खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, चार माणसांत सह्या होणार आणि शनिवारी एबोच्या माणसांच्या पद्धतीने समारंभ होणार, असं संहिताने सांगितलं. निदान अंतरपाट धरू, मंगलाष्टकं म्हणू, असं मंजूषाने म्हणून पाहिलं. समूहाने गायला सध्या मनाई आहे, असं उत्तर मिळालं. ती रुसून बसली तेव्हा संहिता शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आई, अर्धं त्यांचं, अर्धं आपलं असं नको. एक काहीतरी नीट होऊ दे.” नीट म्हणजे त्यांचं, हे मंजूषाने मनात म्हटलं.

आणि मग सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर नवे नियम जाहीर झाले. बंद जागेत तीस माणसं, एक जास्त नाही. यादीत ऐंशी होती. रात्री जेवणाच्या टेबलावर दोघं लाल पेन घेऊन बसले. एबोच्या बाजूला सतरा राहिले, संहिताच्या बाजूला तेरा. फुल्या त्यांनी मारल्या, पण आपल्या माणसांना फोन करायचं काम मंजूषाकडे आलं. मार्चमध्ये दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या तेव्हा ज्या मीनलने दोन आठवडे दाराशी तांदूळ आणि तूरडाळ आणून ठेवली, तिलाच तुम्ही येऊ नका म्हणून सांगायचं. मीनल म्हणाली, “काकू, समजतं हो आम्हाला.” ती इतकं चांगलं बोलली, की मंजूषाने त्या दिवशी पुन्हा फोन हातात घेतला नाही.

आता शनिवारची दुपार होती. द हेगमधल्या एका वस्तीच्या समाजमंदिरातला हा लहानसा हॉल. खुर्च्या दीड-दीड मीटरवर मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीभोवती जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीचा चौकोन. हॉलचा केअरटेकर, पांढऱ्या मिश्यांचा एक डच म्हातारा, दाराशी उभा राहून डोकी मोजत होता. पहिल्या रांगेत मंजूषाच्या शेजारच्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवला होता आणि त्यात दिनकर होते. माणूस म्हणून ते मोजले जाणार नव्हते, हे केअरटेकरला दोनदा विचारून घेतलं होतं. सकाळपासून दोन वेळा त्यांचा चेहरा तोंड अर्धवट उघडं असतानाच गोठला होता. लॅपटॉप सांभाळायला संहिताच्या ऑफिसातली मेधा बसली होती. मेधाचा नवरा ऋषभ आज नवरीचा भाऊ म्हणून उभा राहणार होता. खरा भाऊ नव्हताच. संहिता हॉलला लागून असलेल्या स्वयंपाकघरात बसली होती. बोलावल्याशिवाय तिने बाहेर यायचं नव्हतं.

एफुआ ही एबोच्याच गोतावळ्यातली. द हेगच्या मोठ्या बाजाराजवळ तिचं सुकी मासळी, कच्ची केळी आणि सुरण विकायचं दुकान होतं. पण या समारंभात दोन्ही घरांच्या वतीने बोलणारं एकेक माणूस लागतं, आणि संहिताकडे तसं कोणी नाही म्हणून एफुआ उसनी मिळाली होती. तिने ते काम फार मनावर घेतलं होतं. फोनवर सांगितलेलं तिने आता पुन्हा समजावलं. आज हे तुमचं घर आहे. ते दाराशी येतील, दार वाजवतील, मुलगी मागतील. तुम्ही माझ्या कानात सांगायचं, मी मोठ्याने बोलणार. तुम्ही हो म्हणेपर्यंत दार उघडत नाही.

मंजूषाने मान हलवली. पालकसभेत पालकांची गाऱ्हाणी ऐकताना ती अशीच मान हलवायची.

बाहेर फरसबंदी अंगणात ढोल वाजला आणि कोणीतरी दारावर तीनदा ठोठावलं.

एफुआ ताठ उभी राहिली. कोण आहे, असं तिने असं काही दरडावून विचारलं की ऋषभ दचकला. बाहेरून एबोच्या बाजूचा बोलणारा, निवृत्त ट्रामचालक असलेला एक उंच म्हातारा, गोड आवाजात म्हणाला की आम्ही वाटसरू आहोत, जाता जाता तुमच्या बागेत एक फूल दिसलं, त्याची चौकशी करावी म्हणतो. एफुआ म्हणाली की बागेत फुलं पुष्कळ आहेत आणि कुत्राही आहे. बाहेर हशा पिकला. मग ती मंजूषाकडे वळली, वाकली आणि दार उघडू का म्हणून विचारलं.

“नाही,” मंजूषा म्हणाली.

ती मराठीत बोलली, पण तो शब्द सगळ्यांना कळला. एफुआचा चेहरा उजळला. आईची वेणीफणी अजून व्हायची आहे, असं तिने दाराकडे तोंड करून ओरडून सांगितलं. बाहेर बायकांनी टाळ्या वाजवल्या, ढोल पुन्हा घुमला. एफुआची इथल्या एवढ्या वर्षांतली तक्रार होती की इकडे जन्मलेली मुलं आणि त्यांची सासुरवाडी हा खेळ दोन मिनिटांत आटोपतात. आज तिला मनासारखी विहीण मिळाली होती.

दार काचेचं होतं. मंजूषाला पलीकडचे सगळे दिसत होते. एक खांदा उघडा टाकून केंटे गुंडाळलेला एबो ऑक्टोबरच्या वाऱ्यात काकडत हसत होता. त्याच्या मागे रंगीत झग्यांतल्या बायका, कोणाच्या हातात कापडांचे गठ्ठे, कोणाच्या हातात फळांच्या टोपल्या.

पुन्हा तीनदा दार वाजलं. आम्ही फार लांबून आलो आहोत, असं म्हातारा म्हणाला. एफुआ पुन्हा वाकली.

“अजून नाही. थांबू देत.”

या वेळी एफुआने ते ओरडून सांगितलं तेव्हा बाहेरचं हसू जरा कमी आलं. मंजूषा हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. आपण असं का म्हणतोय ते तिने ठरवलेलं नव्हतं. पण दाराबाहेर नवऱ्याकडची माणसं उभी आहेत आणि आत बसून आपण नको म्हणतोय, हे तिच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. तिने पाहिलं होतं ते उलटं.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. कऱ्हाडचं कार्यालय, मे महिना, अंगाला हळद लागलेली. पुण्याहून वऱ्हाडाची बस आली आणि स्वागताला बँड नाही म्हणून दिनकरांच्या मामांनी कोणाला खाली उतरू दिलं नाही. तिचे वडील, नाना, पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते बसच्या दाराशी गेले आणि टोपी काढून हात जोडून उभे राहिले. बँडवाले शोधायला माणूस पाठवला होता. तो येईपर्यंत नाना उन्हातून हलले नाहीत. कोणीतरी त्यांच्यासाठी पाणी आणलं, ते त्यांनी बसमध्ये वर दिलं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून मंजूषाला त्यांचं टक्कल दिसत होतं. त्यांचं टक्कल उन्हात तिने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आणि बसच्या तिसऱ्या खिडकीत नवरा मुलगा बसला होता. त्याच्यासमोर वर्तमानपत्र उघडलेलं होतं. सव्वा तासाने बँड आला, माणसं उतरली, लग्न लागलं. पुढे नाना तो प्रसंग हसत सांगायचे. मंजूषाने तो पस्तीस वर्षांत एकदाही काढला नव्हता. दिनकर चांगले वागले. तिला नोकरी करू दिली, आजारपणात सेवा केली, कधी आवाज चढवला नाही. त्यामुळे तो विषय काढायला जागा मिळाली नाही, इतकंच.

“मंजू,” लॅपटॉपमधून दिनकरांचा आवाज आला. “अगं, पुरे आता. उघडा ना दार. किती वेळ ताटकळत ठेवायचं माणसांना? बरं दिसत नाही ते.”

मंजूषाने मान वळवून पडद्यावरच्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी इस्त्रीचा निळ्या पट्ट्यांचा शर्ट घातला होता, केस नीट विंचरले होते.

“तुम्ही सव्वा तास बसला होतात बसमध्ये,” ती म्हणाली. “नाना खाली उभे होते.”

आवाज तिने चढवला नाही. ती वर्गात उत्तर सांगायची तशी सरळ बोलली. मराठी कळणारी तिथे दहाएक माणसं होती, त्यांपैकी मेधाने तेवढं चमकून तिच्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. एफुआला वाटलं की नवराबायकोत मसलत चालली आहे, म्हणून ती अदबीने थांबली.

दिनकरांचा चेहरा हलेना. पुन्हा गोठलं वाटतं, असं मेधा पुटपुटली आणि तिने बटणाकडे हात नेला. पण त्यांच्या पाठीमागे खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता आणि पुन्हा भिंतीला चिकटत होता. मेधाने हात मागे घेतला.

केअरटेकरने घड्याळ पाहिलं. हॉल चार वाजता रिकामा करायचा होता. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून संहिताचा अर्धा चेहरा दिसला, नाकात नथ, डोळ्यांत काळजी. एफुआ मंजूषाच्या कानाशी आली आणि या वेळी हळूच विचारलं, “बाई, हा खेळ आहे, की खरंच?”

“माहीत नाही,” मंजूषा म्हणाली.

एफुआने तिच्याकडे नीट पाहिलं. मग सरळ उभी राहून ती दाराशी गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

ढोल थांबला होता. काचेपलीकडे सगळ्यांच्या पुढे एबोची आई होती, ग्लॅडिस. हातात मोठी परात, परातीत बाटल्या आणि वर विणलेलं कापड. ती कोणाच्या हाती ती परात देत नव्हती. अंगणात टेकायला जागा नव्हती, खुर्च्या सगळ्या आत मोजून मांडलेल्या. ग्लॅडिस वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात काम करायची. एप्रिल-मे मध्ये तिच्या मजल्यावरची अकरा माणसं गेली होती, आणि तेव्हापासून तिचा उजवा गुडघा सुजायचा तो सुजायचाच, हे मंजूषाला एबोकडून माहीत होतं. ग्लॅडिस सगळा भार डाव्या पायावर देऊन उभी होती. थोड्या वेळाने तिने उजवा पाय टेकून पाहिला आणि पुन्हा उचलला. ती दाराकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता आणि आता हसूही नव्हतं.

तिने माझं काय केलंय, असं मंजूषाच्या मनात आलं. आणि त्याने तिचा राग उतरण्याऐवजी आणखी चढला, कारण आता तो कुठे नेऊन ठेवावा हेच कळेना.

ती उठली आणि दाराकडे गेली. एफुआने हात आडवा केला. आईने स्वतः दार उघडायचं नसतं. मग तिने मंजूषाचा चेहरा पाहिला आणि हात खाली घेतला. मंजूषाने दार ओढलं. थंड वारा आत आला.

म्हातारा घसा साफ करून फुलाचं पुन्हा काहीतरी सुरू करणार होता. ग्लॅडिसने त्याला मानेने थांबवलं. बोलणाऱ्याला मध्ये न घेता ती स्वतःच, हळू आवाजात, मंजूषाला म्हणाली, “आणखी थांबायचं असेल तर आम्ही थांबतो. मुलगी तुमची आहे.”

मंजूषाने त्या चेहऱ्यात चेष्टा शोधली. ती नव्हती. तिने पुढे होऊन परातीची एक बाजू धरली.

“जड आहे,” ती म्हणाली, मराठीतच.

दोघी परात धरून आत आल्या. मध्ये दीड मीटर सोडा, दीड हातही अंतर नव्हतं. केअरटेकर खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढचं सगळं वेगाने झालं. मंजूषाने पहिल्यांदा ग्लॅडिसला खुर्चीवर बसवलं. मग भेटवस्तूंच्या टोपल्या रांगेने आल्या. ऋषभने वाट अडवली आणि बहीण सोडायला तयार नसलेल्या भावाचं काम इतकं बेफाम केलं की ट्रामवाला म्हातारा डोळे पुसू लागला. नवरीला बोलवा म्हटल्यावर एफुआने डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली एक मुलगी पुढे आणली. कापड उचललं तर आतून मेधा निघाली. ही नव्हे, ही नव्हे, असा एकच गलका झाला. आणि मग खरी संहिता बाहेर आली, लाल-सोनेरी केंटेचा घोळदार पोशाख, नाकात पुण्याची नथ, आणि सगळे आपापल्या पिवळ्या चौकोनात उठून उभे राहिले. नाचायला मनाई होती. नाचलं कोणीच नाही, पण पाय चौकटीत ठेवून माणूस किती हलू शकतो हे मंजूषाने त्या दिवशी पाहिलं. खांदे नाचत होते, माना नाचत होत्या, एबोची ऐंशी वर्षांची आजी बसल्या जागी हातरुमाल फिरवत होती. एफुआने संहिताला विचारलं, या माणसांनी आणलेलं आम्ही घेऊ का? घेतलं तर परत देता येणार नाही. संहिता हो म्हणाली. ऐकू आलं नाही, असं एफुआ म्हणाली. संहिता पुन्हा हो म्हणाली. तिसऱ्यांदा ती ‘हो’ असं मराठीत इतक्या जोराने म्हणाली की केअरटेकरनेही टाळ्या वाजवल्या.

मंजूषानेही वाजवल्या. मग तिला मीनल आठवली, यादीतून गळालेले पन्नास जण आठवले, खोक्यांत बंद करून ठेवलेला जेवणाचा तिखट भात आठवला. जेवायला पंगत नाही, प्रत्येकाने आपलं खोकं घेऊन घरी जायचं. तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. पस्तीस वर्षं आत राहिलेलं एका दुपारी कुठे जाणार होतं?

अंगठी घालून होत होती तेव्हा मेधा घाईने आपल्या जागेवर परतली आणि लॅपटॉपकडे पाहून चपापली.

“काका, दिसत नाही आहात तुम्ही,” ती पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाली. “बसा ना खाली.”

मेधाने लॅपटॉपचं झाकण मागेपुढे करून पाहिलं, त्याने काही होणार नव्हतं. मग ती मंजूषाकडे वळली.

“काकू, काकांना सांगा ना. मघाशी मी आत जाताना उभे राहिले, ते अजून तसेच आहेत. नुसती बटणं दिसताहेत.”

मंजूषाने पाहिलं. निळ्या पट्ट्यांचा शर्ट होता. खाली एकात एक धरलेले दोन हात होते. चेहरा चौकटीच्या वर कुठेतरी राहिला होता. त्यामागे पडदा हलत होता.

“राहू दे,” ती म्हणाली. “उभे राहू देत.”

संहिता दिसेल असा तिने लॅपटॉप थोडा वळवला, आणि जाऊन ग्लॅडिसच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.